पंप घेताना आधी इम्पेलर विचारा

कारखान्याच्या स्टोअरमधून निघणारी मागणीची चिठ्ठी बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. 'पंप, १० एचपी, तीन बाय अडीच, १ नग.' एचपीवरून मोटरची ताकद कळते, तीन बाय अडीचवरून सक्शन आणि डिलिव्हरी पाइपचे इंच कळतात. पण पाणी ज्याच्यामुळे चढतं त्या इम्पेलरबद्दल चिठ्ठीत एक अक्षर नसतं. दोन तपं मी देखभाल विभागात काढली, आधी साखर कारखान्यात आणि नंतर कापडाच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये. या काळात 'निकामी' म्हणून माझ्यासमोर आलेल्या पंपांपैकी कितीतरी धडधाकट होते. त्यांच्या पोटातला इम्पेलर त्या पाण्याच्या जातीचा नव्हता, एवढंच.

म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी ज्या टाकीतून पाणी उचलायचंय तिथे जा. बादलीभर पाणी काढून अर्धा तास तसंच ठेवा. तळाला रेती बसते का, वर तूस तरंगतं का, काठाला तेलाचा तवंग येतो का, हाताला कोमट लागतं का, हे बघा. कुठला इम्पेलर घ्यायचा ते निम्मं तिथेच ठरतं.

आता त्याचं काम कसं चालतं ते थोडक्यात. इम्पेलरच्या मध्यभागी मोठं भोक असतं, त्याला डोळा म्हणतात. पाणी डोळ्यातून आत येतं, फिरत्या पात्यांमध्ये सापडतं आणि कडेकडे भिरकावलं जातं. २५० मिलिमीटर व्यासाचा इम्पेलर मिनिटाला २९०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३८ मीटर होतो, म्हणजे ताशी १३५ किलोमीटरच्या पुढे. बाहेरचं केसिंग शंखासारखं रुंद होत गेलेलं असतं. त्यात पाणी मंदावतं आणि गेलेल्या वेगाचा दाब होतो. अशा इम्पेलरकडून साधारण ७० मीटर हेडची, म्हणजे पाणी चढवायच्या उंचीची, अपेक्षा ठेवता येते. तोच इम्पेलर १४५० फेऱ्यांवर चालवला तर हेड चौथाईवर येतं, कारण हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं.

पाती सरळ नसतात, फिरण्याच्या दिशेच्या उलट मागे वळलेली असतात. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनात जॉन अ‍ॅपोल्ड यांनी वक्र पात्यांचा पंप मांडला. त्याची कार्यक्षमता ६८ टक्के भरली आणि सरळ पात्यांचे पंप त्याच्या जवळपासही आले नाहीत. पात्यांना बाक दिल्याने एवढा फरक पडला. आजही फाउंड्रीत ओतकाम करताना हा बाक थोडा चुकला तर वीजबिलात दिसतो.

बंद, अर्धखुला, खुला

बंद इम्पेलरमध्ये पाती दोन चकत्यांच्या मधे असतात. स्वच्छ पाण्यासाठी याच्यासारखा दुसरा नाही. चांगल्या बनावटीच्या मध्यम आकाराच्या पंपात तो ७५ ते ८५ टक्के कार्यक्षमता देतो. कूलिंग टॉवर, अग्निशमन, बॉयलरचं फीड, सोसायटीची गच्चीवरची टाकी, या सगळ्या ठिकाणी तोच बसतो. त्याचं मर्म वेअर रिंगमध्ये आहे. डोळ्याभोवतीची ही कडी आणि इम्पेलर यांच्यात बारीक फट ठेवलेली असते. १५० मिलिमीटरच्या रिंगला व्यासात ०.४ मिलिमीटरच्या आसपास. ही फट झिजून वाढली की डिलिव्हरीकडचं दाबाचं पाणी गुपचूप परत सक्शनकडे जातं. मोटर आवाज करत नाही, ग्लँड गळत नाही, बाहेरून काहीच कळत नाही, फक्त टाकी भरायला वेळ लागू लागतो. फट मूळच्या दुप्पट झाली की रिंग बदलायची, हा माझा नियम. रिंगची किंमत इम्पेलरच्या मानाने किरकोळ असते.

या फटीची किंमत एकदा कागदावर मांडून बघा. ताशी एक लाख लिटर पाणी ४० मीटर चढवायचंय. पंप ७५ टक्के कार्यक्षमतेचा असेल तर शाफ्टला साडेचौदा किलोवॅट लागतात. रिंग झिजून, पाती खरबरीत होऊन तोच पंप ६० टक्क्यांवर घसरला तर अठराच्या थोडे वर लागतात. मोटरचा तोटा धरून फरक ४ किलोवॅटचा. दिवसाला २० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर २४ हजार युनिटं झाली. युनिटला आठ रुपये धरा, वर्षाचे एक लाख ९२ हजार रुपये होतात. एवढ्या पैशांत बहुधा नवा पंप येईल.

अर्धखुल्या इम्पेलरला मागची एकच चकती असते. पुढून पाती उघडी असतात आणि केसिंगच्या तोंडाशी अगदी लागून फिरतात. ही पुढची फट साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात. थोडा गाळ असलेलं पाणी, साखर कारखान्यातला बगॅसचा बारीक चोथा मिसळलेला रस, कागद कारखान्यातला पातळ लगदा, अशा ठिकाणी तो बंद इम्पेलरपेक्षा सरस ठरतो. काही अडकलंच तर पंप खोलल्यावर दिसतं आणि हाताने काढता येतं. मला त्याचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच वाटतो. पाती झिजली की बऱ्याच पंपांत बेअरिंग हाउसिंगचे बोल्ट फिरवून शाफ्ट किंचित पुढे सरकवता येतो. फट पुन्हा जागेवर येते आणि गेलेलं पाणी परत मिळतं. हे काम करायला फीलर गेज किंवा डायल आणि अर्धा तास पुरतो, तरी वर्षानुवर्षं कोणी करत नाही.

पूर्ण खुल्या इम्पेलरला चकतीच नसते, पाती नुसती मधल्या गाभ्याला जोडलेली असतात. लहान, स्वस्त पंपांत तो दिसतो. पाती दणक्याने वाकतात, त्यामुळे मोठ्या कामाला त्याची शिफारस मी करत नाही.

धागा, चिंधी आणि मैलापाणी

इचलकरंजी किंवा सोलापूरच्या कापड धंद्यात ज्यांनी पंप सांभाळलाय त्यांना धाग्याचा त्रास सांगायला नको. सुताचा एक धागा बंद इम्पेलरच्या डोळ्यातून आत जातो आणि पात्याच्या पुढच्या धारेवर अडकतो. त्याला दुसरा धागा गुंततो, त्यात तूस बसतं. दोन पाळ्यांत त्याचं नमद्यासारखं घट्ट बोचकं होतं आणि वाट बुजते. मी सळई घालून, आकड्याने ओढून, ब्लेडने कापून अशी बोचकी काढली आहेत. एका सांडपाण्याच्या टाकीवर आठवड्यातून तीनदा हेच करायचो आणि दरवेळी जाळी बदलायची चर्चा व्हायची. जाळी बारीक केली की जाळी तुंबायची, जाड केली की पंप.

तिथे शेवटी व्होर्टेक्स इम्पेलरचा पंप बसवला आणि हा छळ थांबला. या जातीत इम्पेलर केसिंगच्या मागच्या खोबणीत बसवलेला असतो, पाण्याच्या मुख्य वाटेत तो येतच नाही. तो मागे राहून भोवरा तयार करतो आणि बहुतेक पाणी, त्यातला धागा, चिंधी, खडा यांच्यासह, त्या भोवऱ्याच्या जोरावर बाहेर जातं. किंमत मोजावी लागते ती कार्यक्षमतेत. ४०-५० टक्के मिळाली तरी समाधान मानायचं. पण टाकीवरचा पंप दिवसाला दोन-तीन तासच चालत असेल तर वाढलेलं वीजबिल फिटरच्या वाया जाणाऱ्या तासांपुढे काहीच नाही. उलट चोवीस तास चालणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या पंपात 'कधी तुंबायला नको' म्हणून व्होर्टेक्स घालणं निव्वळ उधळपट्टी आहे. तेही मी पाहिलंय.

मैलापाणी मोठ्या प्रमाणात उचलायचं असेल तर एक किंवा दोनच पाती आणि मधे रुंद वाट असलेला चॅनेल इम्पेलर घेतात. त्याची कार्यक्षमता व्होर्टेक्सपेक्षा बरी असते. एकाच पात्याच्या इम्पेलरला थरथर जास्त, म्हणून फाउंडेशन भक्कम हवं. लांब चिंध्या, प्लॅस्टिक, नारळाच्या शेंड्या येत असतील तर तोंडाशी कापणाऱ्या धारेचा कटर पंप मिळतो. विक्रेत्याला इथे एकच प्रश्न विचारायचा: किती मिलिमीटरचा गोळा इम्पेलरमधून आरपार जातो? उत्तर टाळणाऱ्याकडून पंप घेऊ नका.

हेड किती, पाणी किती

हेड जास्त आणि पाणी कमी असेल तर इम्पेलर रुंद व्यासाचा, अरुंद वाटेचा असतो आणि पाणी शाफ्टला काटकोनात बाहेर पडतं. याला रेडियल म्हणतात. पाणी वाढवत, हेड कमी करत गेलं की इम्पेलर बुटका आणि जाड होतो, पाणी तिरकं बाहेर पडतं. तो मिक्स्ड फ्लो. दोन-चार मीटरच चढवायचं पण नदीएवढं पाणी, अशा ठिकाणी तो जहाजाच्या पंख्यासारखा दिसू लागतो आणि पाणी शाफ्टच्या रेषेतच पुढे ढकललं जातं. तो अ‍ॅक्सियल. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी पावसाचं पाणी समुद्रात फेकणारी उदंचन केंद्रं उभी राहिली. भरतीच्या वेळी नाल्याचं पाणी थोडंसंच वर उचलायचं, पण प्रचंड उचलायचं, हा प्रश्न याच टोकाचा. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी तालुक्यांत चढवणाऱ्या टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांचा प्रश्न अगदी वेगळा आहे, तिथे एकेका टप्प्याचं हेडच मोठं असतं.

या फरकाचा रोजच्या कामाशी थेट संबंध आहे. रेडियल पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करायचा, कारण पाणी शून्य असताना तो कमीत कमी लोड घेतो. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. अ‍ॅक्सियल पंपाचं बरोबर उलटं आहे, व्हॉल्व्ह बंद असताना तो सर्वांत जास्त लोड घेतो. आयुष्यभर रेडियल चालवलेला ऑपरेटर सवयीने अ‍ॅक्सियलचा व्हॉल्व्ह बंद करून स्टार्टर दाबतो आणि मोटर जळते. म्हणून पंपाशेजारी जाड अक्षरात पाटी लावा.

हेड आणखी हवं असेल तर एकाच शाफ्टवर इम्पेलर ओळीने बसवतात, पहिल्याचं पाणी दुसऱ्याच्या डोळ्यात. बॉयलर फीड पंप आणि बोअरवेलचा सबमर्सिबल, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. बोअरवेलमध्ये प्लॅस्टिकचे इम्पेलर सर्रास असतात, स्वच्छ पाण्यात ते उत्तम चालतात आणि गंजत नाहीत. पण वाळू येणाऱ्या बोअरमध्ये त्यांचे डोळे भराभर झिजतात.

दोन डोळ्यांचा इम्पेलर आणि माझी चूक

साखर कारखान्यात कंडेन्सरला पाणी देणारे इंजेक्शन पंप बहुधा डबल सक्शनचे असतात. इम्पेलरला दोन्ही बाजूंनी डोळे, पाणी दोन्हीकडून निम्मं-निम्मं येतं. त्यामुळे शाफ्टला एका बाजूला ढकलणारा जोर दोन्हीकडून सारखा होऊन जिरतो आणि सक्शनलाही सोपं जातं. केसिंग आडवं दुभंगलेलं असतं, वरचा अर्धा भाग उचलला की सगळं समोर.

ऐन गाळप हंगामात अशा एका पंपाचं ओव्हरहॉलिंग माझ्याकडे आलं. नव्या स्लीव्ह, नवे बेअरिंग, नवी पॅकिंग. दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा इम्पेलर मी शाफ्टवर चढवला, चावी बसवली, नट आवळले. पंप सुरू केला तर प्रेशर गेज नेहमीच्या बरंच खाली आणि अँपिअर नेहमीच्या वर. ग्लँड जास्त आवळली असेल म्हणून सैल केली. कपलिंगचं अलाइनमेंट पुन्हा तपासलं. मोटर ट्रिप झाली. कंडेन्सरचा व्हॅक्यूम पडू लागला तसे साखर शिजवायच्या पॅनवरून निरोपावर निरोप येऊ लागले. पाच तासांनी पुन्हा केसिंग उचललं तेव्हा दिसलं: इम्पेलर उलटा बसला होता. पाती मागे वळण्याऐवजी फिरण्याच्या दिशेने तोंड करून होती, पाण्याला मागे टाकायच्या ऐवजी ओंजळीने उचलत होती. केसिंगवरचा बाण मी पाहिला होता, पण पात्यांचा बाक त्याच्याशी ताडून बघितला नव्हता.

तेव्हापासून डबल सक्शन इम्पेलर काढण्याआधी त्याच्या मोटरकडच्या बाजूला पंचने खूण करायची सवय लावून घेतली. तुम्हीही लावा. आणि मोटर रिवाइंड होऊन आली, केबल नवी जोडली, की कपलिंग सोडवून फक्त मोटर क्षणभर फिरवून दिशा बघा. उलट फिरणारा सेंट्रिफ्युगल पंपही थोडं पाणी देतोच, त्यामुळे चूक लगेच उमगत नाही. इम्पेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असेल तर उलट फिरताच तो सुटून केसिंगवर आदळतो.

एकच डोळा असलेल्या बंद इम्पेलरच्या मागच्या चकतीला डोळ्याजवळ लहान भोकं असतात. मागे साठणारा दाब कमी करून बेअरिंगवरचा जोर हलका करण्यासाठी ती ठेवलेली असतात. एका वर्कशॉपने ती 'गळती' समजून वेल्डिंगने बुजवलेली मी पाहिली आहेत. त्या पंपाचे बेअरिंग काही दिवसांतच गेले.

जुना इम्पेलर वाचा

भंगारात टाकण्याआधी जुना इम्पेलर धुऊन उजेडात धरा. पात्याच्या सुरुवातीला, डोळ्याच्या लगत, वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी छिद्रं दिसली तर ते कॅव्हिटेशन. सक्शनला दाब इतका पडतो की पाणी गार असतानाच उकळून त्याचे बुडबुडे होतात आणि दाबाच्या जागी येताच फुटतात. त्या फुटण्याचे घाव धातू उकरतात. चालू पंपात हे केसिंगमधून खडी जात असल्यासारखं ऐकू येतं. अशा पंपाला नुसता नवा इम्पेलर घालणं म्हणजे आणखी एक इम्पेलर खायला देणं. फूट व्हॉल्व्ह, सक्शन पाइपचा व्यास, बेंड आणि पाण्याची पातळी तपासायला हवी. हवेचा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा १०.३ मीटर स्तंभ पेलतो, महाबळेश्वरच्या उंचीवर पावणेनऊच्या आसपास. पाणी ८० अंश गरम असेल तर त्यातले जवळपास पाच मीटर वाफेच्या दाबातच जातात. म्हणून गरम कंडेन्सेटची टाकी पंपाच्या वर ठेवतात, खाली ठेवून ओढता येत नाही.

पात्याची बाहेरची टोकं पातळ, गुळगुळीत आणि लाटांसारखी झिजलेली असतील तर ते रेतीचं काम. तिथे कठीण क्रोम लोखंडाचा इम्पेलर, किंवा कमी वेगाचा मोठा पंप लागतो. इम्पेलरचा आकार शाबूत आहे पण चाकूने खरवडला तर काळी भुकटी निघते, असं असेल तर बिडातलं लोखंड गंजून गेलंय आणि मागे नुसता ग्राफाइटचा सांगाडा उरलाय. खाऱ्या आणि आम्लधर्मी पाण्यात बिडाचा असा अंत होतो.

साध्या गोड्या पाण्याला बीड किंवा गनमेटल पुरतं. गनमेटल बारीक झिजतं आणि लेथवर सहज चढतं, पण अमोनिया असलेल्या पाण्यात ते टिकत नाही. क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात ३०४ स्टेनलेसला खड्डे पडतात, तिथे ३१६ घ्या. समुद्राच्या पाण्याला त्याहून वरचा डुप्लेक्स किंवा निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ. 'एसएसचा टाका' एवढं सांगून भागत नाही, ग्रेड लिहून मागा.

पंप हवा त्यापेक्षा मोठा निघाला तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह कायमचा अर्धा दाबून ठेवू नका, इम्पेलर लेथवर कमी करा. २०० मिलिमीटरचा १९० केला तर हेड सुमारे १० टक्क्यांनी आणि लोड सुमारे १४ टक्क्यांनी उतरतं. मात्र एका दमात शेवटच्या मापावर जाऊ नका. निम्मं कापा, पंप चालवून बघा, मग उरलेलं. मूळ व्यासाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त कापलं तर कार्यक्षमता ढासळते. कापल्यावर बॅलन्सिंग केल्याशिवाय शाफ्टवर चढवू नका.

डुप्लिकेट इम्पेलर घ्यायचाच असेल तर आपल्याकडे कोल्हापूर पट्ट्यात चांगलं ओतकाम करणाऱ्या फाउंड्र्या आहेत. पण नमुना म्हणून झिजलेला इम्पेलर देऊ नका, त्याची झीजही ओतून येईल. आलेल्या मालाची व्हर्निअरने मापं घ्या: बाहेरचा व्यास, पात्यांची जाडी प्रत्येक ठिकाणी सारखी आहे का, बाहेर पडायच्या वाटेची रुंदी. कोअर सरकला असेल तर एका बाजूची वाट दुसरीपेक्षा अरुंद निघते. आत बोट फिरवा, रेतीचे कण हाताला लागले तर परत पाठवा. मापं पंपाच्या नंबरासह नोंदवहीत लिहा आणि पुढच्या वेळी चिठ्ठीत एचपीच्या आधी तीच लिहा: इम्पेलरचा प्रकार, व्यास, धातूचा ग्रेड, आरपार जाणाऱ्या गोळ्याचं माप आणि पाण्याचं तापमान.